शिआन शहरातील एक दिवस

चीन देशातील शिआन या शहरी आम्ही काही मंडळींनी एक दिवस घालविला, त्याची हकीकत आज आपणांस सांगावयाची आहे. तो दिवस २०१९ सालच्या सप्टेंबर महिन्यातला. परत आल्यावर लगेच त्यावर बोलावे असा विचार होता. पण मीच तो पुढे पुढे ढकलीत गेले. मग २०२० च्या जून महिन्यात गलवानच्या खोऱ्यात आपले २० जवान कामी आले, आणि त्या देशातल्या प्रेक्षणीय स्थळांची वर्णने करीत बसणे मला प्रशस्त वाटेना. दोन्ही देशांमधली थेट विमाने त्याच वर्षी बंद पडली, ती २०२५ च्या ऑक्टोबरात पुन्हा सुरू झाली. आता लोक पुन्हा विचारू लागले आहेत, "बाई, तुम्ही जाऊन आलात ना? काय पाहिलंत?"

ज्यांच्यामुळे तो दिवस माझ्या मनात राहिला, त्या अण्णांची परवानगी घेतल्याखेरीज मला बोलता येत नव्हते. ते म्हणाले, "झालं तसं सांगा की, बाई. गोड करू नका, कडू पण करू नका." त्यांचा शब्द पाळण्याचा प्रयत्न करते.

बेळगाव, निपाणी, कोल्हापूर अशा गावांहून आम्ही एकतीस जण एका प्रवासी कंपनीबरोबर निघालो होतो. दोन डॉक्टर, साखर कारखान्यातले एक निवृत्त केमिस्ट, नवे लग्न झालेली दोन जोडपी, भडंगाचे डबे घेऊन निघालेल्या चार मैत्रिणी, आणि मी, मराठी शाळेत इतिहास शिकविणारी एक ख्रिस्ती बाई. या सर्वांत वयाने वडील होते अण्णा. वय वर्षे ७६. पोस्टातून निवृत्त झालेले. अंगावर पांढरा सदरा, हातात काठी आणि खिशात खडीसाखरेची पुडी. खोकल्याची उबळ आली की एक खडा तोंडात टाकायचा आणि शेजारच्यालाही एक द्यायचा, असा त्यांचा शिरस्ता.

अण्णांचे थोरले भाऊ सैन्यात होते. १९६२ च्या नोव्हेंबरात नेफाच्या आघाडीवर ते पडले. घरी तार आली. देह आला नाही. अण्णा तेव्हा एकोणीस वर्षांचे, कॉलेजात शिकत होते. शिक्षण सोडून ते पोस्टात चिकटले. वहिनी एकवीस वर्षांच्या, मांडीवर सहा महिन्यांचा मुलगा. त्या घराचा पुढचा सारा संसार अण्णांनी ओढला. हे सर्व मला विमानतळावरच कळले होते, कारण त्यांचा तो पुतण्या, आता साठीकडे झुकलेला गृहस्थ, त्यांना पोचवायला आला होता आणि निरोप देताना रागावलेला होता. "काका, त्या देशात जाऊन आपले पैसे टाकून यायचे, हे मला पटत नाही," असे तो सर्वांदेखत म्हणाला. अण्णा म्हणाले, "माणसं कशी आहेत ते बघून येतो." मी हळूच विचारले, "वहिनी काय म्हणाल्या?" अण्णा म्हणाले, "म्हणाल्या, जाऊन या. पण तिथलं काही आणू नका."

असो. आता शिआनकडे वळू. वेई नदीच्या खोऱ्यातले हे शहर चीनमधल्या अतिप्राचीन राजधान्यांपैकी एक. झोउ, छिन, हान, थांग अशा अनेक राजवंशांनी या परिसरातून राज्य केले. थांग राजांच्या काळी याचे नाव छांगआन होते, आणि मध्य आशियातून येणारा रेशमाचा व्यापारी मार्ग येथे येऊन संपत असे. आम्ही गेलो तेव्हा चीनच्या प्रजासत्ताकाच्या सत्तराव्या वर्धापनदिनाची तयारी चालली होती. चौकाचौकांत लाल निशाणे आणि फुलांच्या कुंड्या मांडलेल्या होत्या. आभाळ भरून आले होते, हवा गार होती.

सकाळी आठ वाजता बस निघाली. शहराच्या पूर्वेस सुमारे ४० किलोमीटरांवर लिंतोंग नावाचा भाग आहे. रस्त्याच्या कडेला डाळिंबांचे ढीग मांडून बायका बसल्या होत्या. आमच्यातल्या केमिस्टांना सांगोल्याची आठवण झाली. या भागात १९७४ च्या मार्च महिन्यात काही शेतकरी विहीर खणीत होते. पाण्याऐवजी त्यांच्या कुदळीला मातीची भाजलेली माणसे लागली. ते होते सम्राट छिन शी ह्वांग याचे मृण्मय सैन्य. या सम्राटाने ख्रिस्तपूर्व २२१ मध्ये सारा चीन एका छत्राखाली आणिला आणि ख्रिस्तपूर्व २१० मध्ये तो मरण पावला. मरणोत्तर आपले रक्षण व्हावे म्हणून त्याने आपल्या समाधीच्या पूर्वेस हे सैन्य पुरविले.

पहिल्या खंदकावर मोठे छप्पर घातलेले आहे. खंदक सुमारे २३० मीटर लांब आणि ६२ मीटर रुंद. आपण वरच्या कठड्याशी उभे राहतो आणि खाली रांगांमागून रांगा उभ्या दिसतात. सर्व खंदकांतले मिळून सुमारे आठ हजार सैनिक असावेत, असा अंदाज आहे. त्यांतले बरेचसे अजून मातीखालीच आहेत. प्रत्येकाचा चेहरा निराळा. कोणाची मिशी वळलेली, कोणाचे गाल बसलेले, कोणी पोरसवदा. मुळात हे पुतळे रंगविलेले होते. पण उकरून वर काढताच रंग वाळून गळून पडे. सम्राटाची समाधी, म्हणजे जवळचीच झाडीने झाकलेली टेकडी, अद्याप उघडलेली नाही, याचे एक कारण हेच सांगतात.

आमची मार्गदर्शक एक पंचविशीतली चिनी मुलगी होती. ती इंग्रजीतून सांगे आणि आमचे व्यवस्थापक ते मराठीत सांगत. ती म्हणाली की पुष्कळ पुतळ्यांवर नावे कोरलेली सापडली आहेत. अण्णा पुढे सरकले. "कुणाची नावं? शिपायांची?" मी विचारून घेतले. नाही, ती नावे कारागिरांच्या मुकादमांची. पुतळ्यात काही खोट निघाली तर जाब कोणाला विचारावयाचा, हे कळावे म्हणून ती नोंद. अण्णा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "म्हणजे घडवणाऱ्याचं नाव ठेवलं, उभं राहणाऱ्याचं नाही. सगळीकडे असंच दिसतंय." मंडळी पुढे गेली तरी ते कठड्याशी उभेच होते. एका तरुण चेहऱ्याच्या पुतळ्याकडे ते पाहात होते. मी काही बोलले नाही.

तेथून परतताना बस एका रेशमी दुलयांच्या दुकानापाशी थांबली. कार्यक्रमपत्रिकेत हे दुकान नव्हते. पण अशा सहलींत असे एखादे दुकान वाटेत आडवे येतेच. तेथे सव्वा तास गेला. कोषांतून रेशमाचे धागे ओढून दुलईचे थर कसे घालतात, हे त्यांनी छान दाखविले, हे मान्य केले पाहिजे. आमच्या मंडळींनी खरेदीही पुष्कळ केली. मात्र माझा जीव घड्याळात होता. त्या दिवशी मला एक शिला पाहावयाची होती, आणि त्यासाठी ठेवलेला वेळ त्या दुलयांखाली गडप होत होता. मी चरफडत बाहेर आले, तो अण्णा बाकावर बसलेले. मार्गदर्शक मुलगी त्यांच्याजवळ येऊन मला विचारू लागली, "आजोबांना आमचे रेशीम आवडले नाही का?"

मी अण्णांकडे पाहिले. ते म्हणाले, "सांगा तिला." मी सांगितले की यांचे थोरले भाऊ १९६२ साली आपल्या दोन देशांमधल्या युद्धात मारले गेले.

तिने विचारले, "कोणते युद्ध?"

श्रोतेहो, तिच्या प्रश्नात कपट नव्हते. तिला खरोखरच ठाऊक नव्हते. तिने खिशातला फोन काढला, काही शोधले, उभ्या उभ्या वाचले. वाचता वाचता तिचा चेहरा उतरला. ती म्हणाली, "आमच्या वर्गात हे कुणी शिकवले नाही." मी ते अण्णांना मराठीत सांगितले. इतका वेळ शांत असलेल्या अण्णांचे ओठ थरथरले. "सत्तावन्न वर्षं आमच्या घरी त्या दिवशी सण नाही, गोडधोड नाही," ते म्हणाले, "आणि हिला युद्धाचं नावपण माहीत नाही." राग यावा तर समोर नातीच्या वयाची पोर, डोळ्यांत पाणी घेऊन उभी. रागाला जागाच उरली नाही, आणि ते अधिक कठीण होते.

बोलणे दुसरीकडे न्यावे म्हणून मी तिला डॉक्टर कोटणीसांविषयी विचारले. सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकाबरोबर चीनमध्ये गेले, जपानी आक्रमणात जखमी झालेल्यांवर त्यांनी शस्त्रक्रिया केल्या, आणि १९४२ च्या डिसेंबरात वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी तेथेच त्यांचा अंत झाला. चीनमध्ये त्यांना 'के दिहुआ' म्हणतात. ते नाव कानी पडताच मुलगी म्हणाली, "हो, हो. माझे आजोबा त्यांच्याविषयी सांगत." मला बरे वाटले. परंतु बसमध्ये बसल्यावर हीच गोष्ट मी आमच्या तरुण जोडप्यांना सांगू लागले, तेव्हा एकाने विचारले, "कोण कोटणीस?" तिच्या घरी उपकाराची आठवण होती, घावाची नव्हती. आमच्या बसमध्ये घावाची आठवण होती, पण आपणच केलेल्या उपकाराची उरली नव्हती. वीस-बावीस वर्षे इतिहास शिकविणाऱ्या बाईने यातून काय समजावयाचे ते समजले.

दुपारचे जेवण नूडल्सचे झाले. येथे गव्हाचे पीक, म्हणून भातापेक्षा पिठाचे पदार्थ अधिक. मांसाहारी मंडळींनी येथला प्रसिद्ध पदार्थ मागविला. जाड, घट्ट भाकरीसारखा पाव आपणच आपल्या हातांनी बारीक कुस्करावयाचा आणि मग त्यावर मटणाचा कढत रस्सा घालून आणतात. कुस्करण्यात आमच्या मंडळींनी चिनी लोकांनाही मागे टाकले. आमटीत भाकरी कुस्करून वाढलेले हात ते. अण्णांनी मात्र भडंग आणि केळे खाल्ले.

नंतर आम्ही मोठ्या रानहंसाच्या स्तूपापाशी गेलो. विटांचा हा मनोरा सात मजल्यांचा, सुमारे ६४ मीटर उंच आणि किंचित कललेला आहे. समोरच्या चौकात हातात दंड घेतलेला एका भिक्षूचा भव्य पुतळा आहे. हा भिक्षू म्हणजे आपल्या पाठ्यपुस्तकातला ह्युएनत्संग. बौद्ध धर्माचे मूळ ग्रंथ पाहावे म्हणून तो एकटा वाळवंटे आणि हिमपर्वत ओलांडून भारतात आला, येथे वर्षानुवर्षे हिंडला, नालंदेस शिकला, आणि ६४५ साली ६५७ ग्रंथ घोड्यांवर लादून छांगआनला परतला. ते ग्रंथ आणि मूर्ती सुरक्षित राहाव्या म्हणून ६५२ साली हा स्तूप उभारण्यात आला. पुढची एकोणीस वर्षे, म्हणजे ६६४ साली मरेपर्यंत, तो भाषांतर करीत राहिला. ७५ ग्रंथ त्याने चिनी भाषेत आणिले.

मंडळी वर चढावयास गेली. अण्णांचे गुडघे जिन्याला तयार नव्हते. मी त्यांच्याबरोबर खालीच बसले. त्यांनी खडीसाखरेचा एक खडा मला दिला आणि विचारले, "हा आपल्याकडे पण आला होता म्हणता?" मी सांगितले, आला होता. इसवी सन ६४१ च्या सुमारास तो महाराष्ट्र देशी आला. तेव्हा राजा होता दुसरा पुलकेशी. त्याची राजधानी बदामी, म्हणजे आपल्या बेळगावाहून काही तासांच्या वाटेवर. उत्तरेच्या हर्षवर्धनालाही ज्याने नर्मदेपाशी अडविले, तो हा पुलकेशी. ह्युएनत्संगाने आपल्या प्रवासवृत्तात या देशाच्या माणसांविषयी लिहून ठेविले आहे. माणसे उंच, साधी, मानी. उपकार करणाऱ्याला ती विसरत नाहीत आणि अपमान करणाऱ्याला सोडत नाहीत. सूड घ्यावयाचा झाला तर शत्रूला आधी कळवितात, मगच हत्यार उचलतात. आणि शरण आलेल्याला मारीत नाहीत. असा त्याच्या लिहिण्याचा आशय आहे.

अण्णांनी पुन्हा विचारले, "उपकार विसरत नाहीत आणि अपमान सोडत नाहीत?"

"होय."

"चौदाशे वर्षांपूर्वी एका चिनी माणसानं हे लिहिलं?"

"होय, अण्णा."

ते हसले. त्या दिवसातले त्यांचे ते पहिले हसणे. "मग तो आमच्याच घरी उतरला असणार," ते म्हणाले.

चार वाजून गेले होते. व्यवस्थापकांनी सांगितले की आता वेळ एकाच गोष्टीपुरता आहे. शहराचा तट तरी पाहू, नाहीतर शिलालेखांचे संग्रहालय. हात वर करावयास सांगितले. संग्रहालयासाठी एकच हात वर झाला, तो माझा. तटावर सायकली भाड्याने मिळतात, तेव्हा निकाल ठरलेलाच होता. तटही पाहण्याजोगा आहे, यात शंका नाही. मिंग राजांच्या काळी, चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात बांधलेला हा तट आजही शहराच्या जुन्या भागाभोवती अखंड उभा आहे. घेर सुमारे १४ किलोमीटर, उंची १२ मीटर, आणि माथ्याची रुंदी अशी की तीन बैलगाड्या शेजारून शेजारून जाव्या.

संग्रहालय तटाच्या आतल्या बाजूस, दक्षिण दरवाज्यापासून जवळच आहे. मी हट्ट धरला की मी एकटी जाऊन येते. व्यवस्थापक नाखूश होते. समूहातले माणूस सुटले की जबाबदारी त्यांची. अण्णा म्हणाले, "मला काही सायकल जमणार नाही. मी जातो बाईंबरोबर." बरोबर सहा वाजता दक्षिण दरवाज्याशी हजर व्हावयाचे, या अटीवर आम्हांला सोडण्यात आले.

या संग्रहालयास 'शिलांचे वन' म्हणतात. १०८७ साली त्याचा आरंभ झाला. ८३७ साली कोरून पुरे केलेले कन्फ्यूशियस परंपरेचे बारा ग्रंथ येथे ११४ शिलांवर उभे आहेत, म्हणजे दगडाची ग्रंथशाळाच. आत शिरलो तेव्हा कोठूनतरी टप्‌ टप्‌ असा आवाज येत होता. शिलेवर ओला कागद चिकटवून त्यावर शाईचा गोळा हलके आपटीत छाप घेण्याचे काम चालले होते.

मला जी शिला पाहावयाची होती ती दुसऱ्या दालनात आहे. कासवाच्या पाठीवर उभी, काळी, पावणेतीन मीटरांहून उंच. अगदी माथ्यावर, ढगांच्या आणि कमळाच्या नक्षीत, एक लहानसा क्रूस आहे. इतका लहान की न सांगितल्यास दिसू नये. ७८१ साली ही शिला उभारली. तीवरचा लेख सांगतो की ६३५ साली अलोपेन नावाचा धर्मगुरू पश्चिमेकडून पवित्र ग्रंथ घेऊन छांगआनला आला, सम्राट ताइझोंगने त्याचे स्वागत केले, ग्रंथांचे भाषांतर करविले, आणि ६३८ साली त्या धर्माला मोकळीक दिली. दहा वर्षांनी ह्युएनत्संगाचे स्वागत करणारा सम्राट तो हाच. ही मंडळी पौर्वात्य सिरिअक पंथाची. शिलेवर सिरिअक लिपीतही अनेक धर्मगुरूंची नावे आहेत. ८४५ साली दुसऱ्या एका सम्राटाने परकीय धर्मांवर घाव घातला, बौद्ध विहार मोडले, त्याबरोबर हा पंथही मोडला. शिला मातीत गेली, ती सतराव्या शतकाच्या पहिल्या चरणात पुन्हा सापडली.

हे ख्रिस्ती माझ्या पंथाचे नव्हते. परंतु सहाव्या शतकात आपल्या पश्चिम किनाऱ्यावरही याच पंथाचे लोक होते. कॉस्मास नावाच्या प्रवाशाने 'कल्लियाना' येथे इराणहून नेमलेला बिशप असल्याचे लिहिले आहे, आणि ते ठिकाण म्हणजे आपले कल्याण, असे पुष्कळ अभ्यासक मानतात. लहानपणापासून मला शाळेत, बाजारात, बसमध्ये लोक कौतुकाने म्हणत आले आहेत, "तुम्ही ख्रिस्ती, आणि मराठी इतकं चांगलं बोलता?" त्यात वाईट हेतू नसतो, पण आपण आपल्याच घरात पाहुणे आहोत असे क्षणभर वाटते. त्या शिलेवर क्रूस कमळावर उभा होता आणि त्याच्याखाली सुंदर चिनी अक्षरे होती. फादर स्टीफन्सने आपले ख्रिस्तपुराण मराठी ओव्यांत रचून १६१६ साली छापविले, त्याच्याही पूर्वी आठशेहून अधिक वर्षे कोणीतरी हाच विचार केला होता की देवाचे नाव घ्यावयाचे ते त्या मातीच्या भाषेत घ्यावे. मी खुणेचा क्रूस केला. अण्णांनी पायांतले बूट काढले आणि हात जोडले. त्यांनी तसे का केले हे मी विचारले नाही.

त्या क्रूसाच्या छापाचा एक लहान कागद विकावयास होता. माझ्याजवळची रोकड कमी पडली. अण्णांनी पाकीट काढले. मी म्हटले, "अण्णा, इथलं काही न्यायचं नाही ना?" ते म्हणाले, "बंदी मला आहे, तुम्हाला नाही. बेळगावात परत द्या."

आणि मग आम्ही वाट चुकलो. दोष माझा. कुंचले, शाई आणि कागद यांच्या दुकानांची एक सुरेख गल्ली दरवाज्याकडे जाते, हे मला ठाऊक होते. मी उलट दिशेने वळले. गल्लीतून गल्ली फुटत गेली. पावसाची भुरभुर सुरू झाली. माझ्या फोनला संदेशवहन मिळेना. सहा वाजून गेले. अण्णांना खोकल्याची उबळ आली आणि ते एका दाराच्या पायरीवर टेकले. त्या दारातून एक म्हातारे गृहस्थ बाहेर आले. निळा कोट, पायांत कापडी जोडे, केस आमच्या अण्णांसारखेच पांढरे शुभ्र. मी नकाशावरचा दक्षिण दरवाजा बोटाने दाखविला. त्यांनी मान हलविली, आत जाऊन छत्री आणली आणि अण्णांच्या डोक्यावर धरून ते चालू लागले.

सुमारे अर्धा किलोमीटर आम्ही चाललो. त्यांनी अण्णांच्या केसांकडे बोट दाखवून काही विचारले. वय विचारीत असावेत. अण्णांनी एका हाताची पाच बोटे आणि दुसऱ्याची दोन, मग पुन्हा पाच आणि एक, अशी दाखविली. म्हाताऱ्यांनी आपल्या हाताची बोटांची टोके एकत्र जुळविली. अण्णा मला म्हणाले, "जेवलात का विचारतायत." मग त्यांनी आंगठा आणि तर्जनी ताणून दाखविली, अगदी लहान मुले पिस्तूल करून दाखवितात तशी. अण्णा चालता चालता थांबले. छत्री पुढे गेली आणि पाऊस त्यांच्या अंगावर पडू लागला.

म्हातारे परत फिरले. काहीतरी चुकले हे त्यांच्या ध्यानात आले. त्यांनी आपला तळहात पुढे करून त्यावर बोटाने आकडा लिहिला. ७८. तेव्हा मला आठवले की सहापासून पुढचे आकडे चिनी लोक एकाच हाताच्या खुणांनी दाखवितात. जुळविलेली बोटे म्हणजे सात, आणि ते पिस्तूल म्हणजे आठ. मी सांगताच अण्णांनी आपला तळहात पुढे केला आणि त्यावर ७६ लिहिले. दोघेही हसले. मग दोघे छत्रीखाली चालू लागले, आणि मी मागून.

दरवाजा दिसताच ते थांबले. मी पैसे देऊ केले, ते त्यांनी घेतले नाहीत. अण्णांची काठी पावसाने निसरडी झाली होती, ती त्यांनी आपल्या बाहीने पुसून दिली आणि ते निघून गेले. नाव विचारावयाचे राहिले. अण्णा त्यांच्या पाठीकडे पाहात म्हणाले, "बासष्ट साली हा माणूस एकवीस वर्षांचा असेल. कुठे असेल तेव्हा?" याला मी काय उत्तर देणार? थोड्या वेळाने तेच म्हणाले, "आता हिशेब वाढला, बाई. एक होता, आता दोन झाले. आणि एकातून दुसरा वजा होत नाही."

बस चाळीस मिनिटे खोळंबली होती. मंडळी रागावलेली, व्यवस्थापक घामाघूम, आणि ती मार्गदर्शक मुलगी पावसात भिजत दरवाज्यापाशी उभी. मी सर्वांची क्षमा मागितली. समूहाबरोबर प्रवास करावयाचा तर समूहाचा वेळ आपला नसतो, हे मी मुलांना सहलीच्या वेळी दर वर्षी बजावते. त्या दिवशी ते मीच मोडले. मुलीने अण्णांचा हात धरून त्यांना बसमध्ये चढविले आणि शेवटपर्यंत त्यांच्याजवळच्या जागेवर बसली. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. अण्णांनी तिला खडीसाखर दिली.

पुढे दोन आठवड्यांनी पैसे परत करण्यासाठी मी अण्णांच्या घरी गेले. पुतण्या कामावर गेला होता. वहिनी चहा घेऊन आल्या आणि आमच्याजवळ बसल्या. अण्णांनी कबूल केल्याप्रमाणे तेथले काही आणले नव्हते. पण सर्व सांगितले होते, हे वहिनींच्या बोलण्यावरून कळले. त्यांनी मातीच्या शिपायांविषयी विचारले नाही, स्तूपाविषयी विचारले नाही. भिंतीवरच्या तसबिरीला त्या दिवशी जास्वंदीचे फूल होते. बराच वेळ पदराशी चाळा करीत बसून त्या अण्णांना म्हणाल्या,

"तो म्हातारा पावसात एवढं चालत आला. त्याच्या हातावर साखर तरी ठेवलीत का?"

अण्णांनी खिसा चाचपला. पुडी तेथेच होती. "नाही," ते म्हणाले, "सुचलं नाही."

"सुचायला हवं होतं," वहिनी म्हणाल्या, आणि चहाचे कप उचलून आत गेल्या.